माझ्या अंगात देवी नव्हती

"पेशंट कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

मी समोरच उभी होते. त्यांच्या आणि माझ्या मध्ये फक्त एक टेबल होतं. तरी त्या माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत होत्या. दारात कुणी नव्हतं. माझा नवरा बाहेर पायरीवर चपला काढून बसला होता.

"मीच," मी म्हणाले.

"तुम्ही नाही हो. पिणारा कोण?"

"मीच पिते."

त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि नाकाला लावला. मग टेबलावरची पाण्याची बाटली स्वतःकडे ओढून घेतली. मी पाणी मागितलं नव्हतं.

सोलापूरहून टेंभुर्णीला जाणाऱ्या रस्त्याला लागून ते व्यसनमुक्ती केंद्र आहे. फाटकाजवळ मोठी पाटी. पाटीवर एक माणूस बाटली घेऊन पडलेला आणि शेजारी पदर डोळ्याला लावून बसलेली बाई, मांडीवर दोन पोरं. मी आत शिरताना ती पाटी नीट बघितली होती. दारूच्या चित्रात बाईची जागा ठरलेली असते. मी त्या जागेवर बसायला आले नव्हते, म्हणून मॅडमना मी दिसत नव्हते.

"आत्ता पिऊन आला आहात का?"

"व्हय. सकाळी थोडी."

"पिऊन आलेल्याला आम्ही दारातसुद्धा उभं करत नाही."

मी सांगायला लागले की मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनीच सांगितलंय, एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. सकाळी थोडी घेतली नसती तर एसटीचा दांडा धरता आला नसता. मॅडम ऐकत नव्हत्या. दारू सोडायच्या जागी पिणाऱ्यानं यायचं नाही. म्हणजे तापाच्या माणसानं ताप घरी ठेवून दवाखान्यात जायचं.

मग त्या समजावणीच्या आवाजात बोलल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे बायका नसतातच. चांगल्या घरातल्या बायका पीत नाहीत. तुमच्या लोकांत चालत असेल."

हे वाक्य जसंच्या तसं सांगते आहे. त्यात मी काही घातलेलं नाही, काही काढलेलंही नाही. 'तुमच्या लोकांत.' मी लग्नाला नेसते ती साडी नेसून गेले होते. केसांना तेल लावलं होतं. माझी जात मी सांगितली नव्हती. त्यांना ती विचारावी लागली नाही.

त्यांनी माझ्या नवऱ्याला आत बोलावून घेतलं. माझा नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. तिथल्या खडखडाटात त्याचे कान गेले. आता समोरचा बोलला की तो मान हलवतो. सगळ्यालाच हलवतो, उगाच कुणाला दोनदा बोलावं लागू नये म्हणून.

"दारू पिता ना?" मॅडमनी विचारलं. त्यानं मान हलवली.

"रोज पिता?" हलवली.

"सोडायची आहे ना मनापासून?" त्यानं हलवली आणि वर हसला.

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. म्हणाल्या, बघा, कबूल करायला हिंमत लागते. तुम्ही उगाच नवऱ्याला पाठीशी घालून सगळं स्वतःवर घेत होता. आणि त्यांनी हाक मारून एका माणसाला खाट तयार करायला सांगितली. माझ्या नवऱ्यासाठी. त्याच्या गळ्यातली तुळशीची माळ एवढी मोठी, ती कुणाला दिसली नाही. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "तुमाला दारुडा म्हनत्यात." त्यानं दोन्ही कान धरले. "म्या? म्याडम, म्या कांदासुदिक खात न्हाय."

ते खरं होतं. करकंबजवळच्या गावातून तो माळ घालून शहरात आला, ती अजून गळ्यात आहे. पण खाट त्याच्यासाठी होती. माझ्यासाठी नव्हती.

जाताना मॅडमनी माझ्या हातात एक छापील कागद दिला. पिणाऱ्याच्या पत्नीनं घर कसं प्रसन्न ठेवावं, पती आल्यावर हसतमुखानं कसं बोलावं. परतीच्या एसटीत मी तो वाचला. मला वाचता येतं. मग त्याची गुंडाळी करून खिडकीतून टाकली.

मी दारू कुठं शिकले ते आता सांगते. गुत्त्यावर नाही. कामावर.

माझी सासू एका ठेकेदाराकडे गटार सफाईला होती. ती थकली तेव्हा मुकादम घरी आला आणि म्हणाला, तुमच्यातली एक बाई कमी झाली, एक द्या. त्यानं असंच म्हटलं, विहिरीवरचा पोहरा फुटला की दुसरा मागावा तसं. सासूनं मला दिलं. सुताला रंग चढवणारे कारखाने, लग्नाची मंगल कार्यालयं, नव्या नव्या सोसायट्या, यांची चेंबरं आणि गटारं साफ करायचं काम ठेकेदाराकडे होतं. पुरुष आत उतरायचे. वर आलेली घाण आम्ही बायका घमेल्यानं उचलून गाड्यात टाकायचो. रंगाच्या कारखान्यातली घाण कधी निळी असायची, कधी लाल. हात आठ-आठ दिवस निळे राहायचे आणि मी त्याच हातांनी भाकरी थापायची.

पहिल्या दिवशी मी ओकले. दुसऱ्या दिवशीपण ओकले. मुकादम चिडला नाही. त्यानं शांताक्काला खूण केली. शांताक्का माझ्या आधीपासून त्या कामावर, घरात तेलुगू बोलणारी, स्वभावानं मायाळू. तिनं स्टीलच्या ग्लासात देशी ओतून माझ्यापुढे धरली.

"घे, पोरी. वास मरतो."

बाटल्या मुकादम आणायचा. काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना वाटप. उतरणाऱ्या गड्यांना जास्त, आम्हाला कमी. ठेकेदारसाहेब पांढऱ्या गाडीत यायचे, गाडी वाऱ्याच्या बाजूला उभी करायचे, काचा वर. काचेआडून बोटानं दाखवायचे, हे चेंबर, ते चेंबर. हातमोज्यांचं विचारलं की मुकादम म्हणायचा, सांगितलेत, येतील. बूट सांगितलेत, येतील. दारू कधी सांगावी लागली नाही. ती रोज वेळेवर आली.

आणि खरंच वास मरायचा. म्हणजे वास तिथंच असायचा, पण तो माझा नसायचा. माझे हात कुणीतरी दुसरंच चालवतंय असं वाटायचं. पुढं पुढं सकाळी चहाच्या आधी लागायला लागली. मग सुट्टीच्या दिवशीपण. मग वासाचा संबंध उरला नाही.

लोक म्हणतात बाईला लाज हवी. लाज होती. म्हणून मी पदर तोंडाला लावून प्यायची.

एका दुपारी मंगल कार्यालयाच्या मागचं चेंबर उपसून झालं. आत हंगामातलं शेवटचं लग्न लागलेलं. पाऊस लांबला होता, ऊन मी म्हणत होतं. मी गाड्याला टेकून बसले आणि तिथंच डोळा लागला. लुगडं गुडघ्यापर्यंत सरकलेलं, तोंड उघडं, हात निळे. लग्नाला आलेल्या कुणीतरी मोबाईलवर ते चित्र घेतलं. 'बघा सोलापूरची टल्ली मावशी' असं लिहून पाठवलं. ज्या घाणीच्या गाड्याला मी टेकले होते ती घाण त्यांच्याच पंगतीतली होती. ते कुणी लिहिलं नाही.

माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. तिच्या वर्गातल्या पोरींनी ते तिला दाखवलं. ती घरी आली, दप्तर ठेवलं. परातीत पीठ घेतलं आणि स्वतःची भाकरी स्वतः थापली. माझी केलेली तशीच टोपल्यात राहिली.

मी त्याच दिवशी दारू बंद केली. कुणाला विचारलं नाही. विचारायचं कुणाला? दारू सोडायलापण काही शिकावं लागतं, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. आमच्यात एकच ठाऊक, मनावर घेतलं की सुटते. मी मनावर घेतलं.

पहिला दिवस कसाबसा गेला. मग घाम फुटायला लागला. हात थरथरायला लागले, पाणी प्यायला ग्लास धरता येईना. भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली. सगळी भिंत काळी, आणि घरातल्या कुणालाच दिसेना. मी ओरडले की माझ्या अंगावर चढतायत. संध्याकाळी दिवेलागणीला माझं सगळं अंग ताठलं आणि मी जमिनीवर आपटले. जीभ दाताखाली आली. तोंडातून रक्त आलं.

आखाड नुकताच लागला होता. वार मंगळवार.

माझी सासू अक्कलकोटकडची. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात जोडले. "यव्वा. मरीआई आली."

गल्ली गोळा झाली. कुणी लिंबाचा पाला आणला. कुणी माझ्या कपाळभर मळवट भरला. ओठावरचं रक्त बघून बायका मागे सरकल्या आणि मग पाया पडल्या. मरीआईचा नैवेद्य म्हणजे दहीभात आणि दारू. सासूनं वाटीभर दारू आणली आणि माझ्या तोंडाला लावली. थोड्या वेळात थरथर थांबली. मुंग्या गेल्या. श्वास सरळ झाला.

"देवी शांत झाली," सासू म्हणाली. सगळ्यांनी बघितलं. मी पण बघितलं. पुरावा याच्याहून काय पाहिजे?

मलाही खरं वाटलं. का वाटू नये? जन्मात पहिल्यांदा लोक मला 'तुमी' म्हणत होते. मला बसायला पाट ठेवत होते. ज्यांच्या दारात मी बाजूला उभी राहायची त्या बायका माझ्या पायाचं पाणी डोळ्याला लावत होत्या. दारुडी म्हणून माझं चित्र गावभर फिरलं होतं, आणि त्याच दारूच्या थरथरीला आता आरती होत होती.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी गर्दी व्हायला लागली. सासूनं नियम घातला. वाराच्या दिवशी मी उपास करायचा, अन्नाचा आणि दारूचापण, देवीला शुद्ध अंग लागतं म्हणून. सकाळपासून दारूचा थेंब नाही. दुपारपर्यंत हात हलायला लागायचे. संध्याकाळी घुमायला लागायची. लोक गाऱ्हाणं सांगायचे, मी तोंडाला येईल ते बोलायची, मग वाटी तोंडाला लागायची. देवी शांत. सासूच्या मनात कपट नव्हतं. तिचा खराच विश्वास होता. तिनं सगळी हयात गटारात काढली होती, आणि आता तिच्या घरात देव आला होता.

एका मंगळवारी आमच्या बोळाच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली. ठेकेदारसाहेबांची. उतरल्या त्यांच्या बाईसाहेब.

या बाईसाहेबांना मी ओळखत होते. त्यांच्या बंगल्यामागचं चेंबर आम्हीच उपसायचो. माझ्यासाठी त्यांनी कान तुटलेला एक कप कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला होता. चहा वरून ओतायच्या, कपाला किटली लागू द्यायच्या नाहीत. "ए बाई, कप धुऊन पालथा घाल," एवढंच बोलायच्या. त्या दिवशी त्या आमच्या जमिनीवर बसल्या. मुलाचं लग्न जमत नव्हतं. त्यांनी डोकं माझ्या पायावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "आई, तुम्हीच मार्ग दाखवा."

ओटी आणली होती, नारळ आणला होता आणि एक बाटली आणली होती. देशी नाही, इंग्लिश. साहेबांच्या कपाटातली असणार. त्यानंतर त्या नेमानं यायला लागल्या.

एका शुक्रवारी फिट आली तेव्हा मी पाट्यावर आपटले आणि कपाळ फुटलं. रक्त थांबेना. सासू भंडारा लावत होती. माझा नवरा जन्मात कधी आईच्या शब्दाबाहेर गेला नाही. त्या दिवशी त्यानं मला उचललं आणि रिक्षात घातलं.

मोठ्या दवाखान्यात टाके घालणारी डॉक्टर कोवळी पोर होती. टाके घालता घालता ती विचारत होती. फिट आधी कधी आली होती का? मी म्हटलं, फिट न्हाय, अंगात येतं. कधी येतं? मंगळवारी, शुक्रवारी. तिनं विचारलं, "त्या दिवशी सकाळपासून दारू मिळते का तुम्हाला?"

"न्हाय. उपास असतो."

तिचा हात थांबला. सुई अर्धवट कातडीत होती.

"मावशी, ही देवी नाही. तुमच्या शरीराला दारूची सवय लागली आहे. ती एकदम तोडली की शरीर झटके देतं. असंच चालू राहिलं तर एखाद्या मंगळवारी तुम्ही उठणार नाही."

तिनं सगळं नीट सांगितलं. आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. दवाखान्यात राहून, औषधावर, डॉक्टरच्या नजरेखाली सोडायची. ती सुटते, त्याला औषधं आहेत, नंतर बोलून आधार देणारी माणसं आहेत. हा आजार आहे, ती म्हणाली. मला रडू आलं. चाळिशीला आले तोवर मला कुणी आजारी म्हटलं नव्हतं. दारुडी म्हटलं होतं आणि देवी म्हटलं होतं.

मग ती जरा अडखळली. म्हणाली, आमच्याकडं व्यसनाच्या पेशंटचा वॉर्ड पुरुषांचाच आहे. बाहेर एक केंद्र आहे, तिथं विचारून बघा. म्हणून मी त्या टेंभुर्णीच्या रस्त्यावर गेले होते. पुढचं सांगितलंच आहे.

केंद्रातून आम्ही परत आलो तो दिवसही मंगळवारच होता. सकाळची थोडी केव्हाच उतरली होती. एसटीतच माझे हात सुरू झाले. बोळाच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी. घरात बाईसाहेब वाट बघत बसलेल्या. सासूनं मला धरून पाटावर बसवलं, मळवट भरला, हातात पाला दिला. गल्ली दारात जमली.

बाईसाहेबांनी डोकं माझ्या पायावर ठेवलं. "आई, या वेळी तरी मुलगी पसंत पडू दे." आणि बाटली दोन्ही हातांनी पुढं केली.

मला ती पाहिजे होती. खोटं कशाला बोलू? सगळं अंग ती मागत होतं. जीभ कोरडी पडली होती. बाटलीचं बूच उघडलेलं, वास नाकात शिरत होता. पण त्याच वेळी दुपारचा रुमाल डोळ्यापुढं आला. एका बाईनं मला बघून नाक झाकलं होतं आणि दुसरी माझ्या पायावर नाक घासत होती. दोघींच्या साड्यांना एकच अत्तर. पेशंट कुठे आहे ते दोघींनाही दिसत नव्हतं.

मी पाय मागे ओढून घेतला.

"माझ्या अंगात देवी न्हाय," मी म्हणाले.

बाईसाहेबांनी वर बघितलं.

"माझ्या अंगात दारू हाय. तुमच्या मालकानं पाजलेली. गटारीत घालायच्या आदी समद्यांना पाजत्यात, तीच. म्या थरथरते ती दारू न्हाय म्हून. मला दवाखाना पायजे. एवढ्या पाया पडताय तर गाडीतनं तितं सोडा."

माझे दात एकमेकांवर वाजत होते, तो आवाज मला ऐकू येत होता. बाईसाहेब उठल्या. पहिल्यांदा त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. माझ्या पायाला लागलेलं कपाळ. घासून घासून पुसलं. मग म्हणाल्या, "मेली दारुडी. देवाच्या नावानं आम्हाला फसवलं." बाटली उचलली, नारळही उचलला, आणि गेल्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

सासू गालात मारून घेत होती, देवीची माफी मागत होती. गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, आता आपल्यावर कोप होणार. कुणीतरी मला शिवी दिली. काल पाया पडणारीच होती ती.

माझी मुलगी गर्दीतून पुढं आली. तिनं ओल्या फडक्यानं माझ्या कपाळावरचा मळवट पुसला. टाके दिसायला लागले. मग बापाच्या कानात ओरडून म्हणाली, "आप्पा, रिक्षा आना."

दवाखान्यात त्याच डॉक्टर पोरीला शोधलं. व्यसनाच्या वॉर्डात बाईला खाट नाही, हे पुन्हा ऐकावं लागलं. मी म्हटलं, मग हितंच बसते, फिट आली की तुमच्या पायरीवर यील. तिनं कुणाकुणाशी वाद घातला आणि मला बायकांच्या साध्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट मिळाली. सलाइन, इंजेक्शनं, गोळ्या. पहिल्या रात्री हात खाटेला बांधावे लागले. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आपला डबा उशाखाली सरकवला. वॉर्डातली आया जेवण घेऊन आली की दारातून ओरडायची, "दारूवाली कुठाय?" मी हात वर करायची. हितं हाय. पेशंट हितं हाय.

घरी सोडलं तेव्हा गोळ्या दिल्या आणि दर गुरुवारी बैठकीला यायला सांगितलं. सोडणारे एकत्र बसतात, आपापलं बोलतात. पहिल्या गुरुवारी गेले तर खोलीत मधे गोल खुर्च्या, त्यावर सगळे पुरुष. भिंतीकडेला बाक, त्यावर त्यांच्या बायका. तिथला माणूस मला हातानं बाक दाखवायला लागला. मी सरळ जाऊन खुर्चीवर बसले. शेजारचे एक रिटायर झालेले गृहस्थ, कुठंतरी हेडक्लार्क असावेत, ते उठून पलीकडे जाऊन बसले. तेही दारूनंच तिथं आले होते. दारूनं घर धुऊन नेलं, पण मोठेपणा तेवढा जायचा राहिला होता. बाकावरच्या बायकांनीही माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यांच्या नवऱ्यांना मीच पाजली. मी त्या खुर्चीवरून उठले नाही. अजून दर गुरुवारी त्याच खुर्चीवर बसते. तिच्या शेजारची खुर्ची बरेचदा रिकामी असते.

मी बरी झाले असं मी म्हणणार नाही. एकदा मधे घसरले, पुन्हा त्या कोपऱ्यात जाऊन आले. गुत्त्यावरून जाताना अजून तोंडाला पाणी सुटतं. सासू माझ्याशी बोलत नाही. तिच्या मते मी घरात आलेला देव हाकलला. मुलगी मात्र माझ्या हातची भाकरी खाते.

बाईसाहेब तशा उठून गेल्या त्याच आठवड्यात ठेकेदारानं मला कामावरून काढलं होतं. पण पावसाळ्याच्या तोंडावर माणसं कमी पडली, रंगाच्या कारखान्याचं मोठं गटार तुंबलं, आणि मुकादमानं मला निरोप दिला. मी गेले. काम पाहिजेच होतं.

त्या सकाळी मी पहिल्यांदा त्या झाकणाजवळ दारू न पिता उभी राहिले. पहार घालून झाकण सरकवलं आणि वास आला. सगळा आला. कुजलेलं पाणी, रंगाचं तिखट आम्ल, मेलेली घूस, माणसाची घाण, सगळं वेगवेगळं नाकात शिरलं. डोळ्यांतून पाणी आलं. पाय आपोआप मागे गेले. तेव्हा मला उमगलं की इतकी वर्षं वेळेवर काय आणि कशासाठी येत होतं. शुद्धीवरचं माणूस या भोकाजवळ उभं राहत नाही. त्याला उभं करायचं असेल तर आधी त्याची शुद्ध काढून घ्यावी लागते. हातमोजे देण्यापेक्षा ते सोपं.

मुकादमानं नेहमीसारखे ग्लास भरले. एक माझ्यापुढं धरला.

"घे की. वास मरंल."

"नगं मारूस त्याला," मी म्हणाले. "मला वास आला पायजे. मोजे आन, बूट आन, उपसायची मशीन आन. तवर म्या हात लावनार न्हाय."

मुकादम हसला. गड्यांकडे बघितलं. गडी खाली बघत होते. शांताक्कानं माझ्याकडे बघितलं, मग ग्लासाकडे, मग तोंड फिरवून एका घोटात ग्लास संपवला आणि घमेलं उचललं. मी तिला बोल लावत नाही. तिला तो वास माझ्यापेक्षा जास्त वर्षं माहीत आहे.

पलीकडे वाऱ्याच्या बाजूला पांढरी गाडी उभी होती. काचा वर. आतून बोटाची खूण झाली, हिला काढा. मुकादमानं मला ढकललं नाही, पण म्हणाला, जा बाई, उगा तमाशा नको.

मी गेले नाही. झाकणाशेजारीच बसले. दुसऱ्या दिवशीही जाऊन बसले. आता ते जिथं गटार उघडतात तिथं मी जाते. आमच्यातली नवी पोर कामावर आली की तिला मुकादमाच्या आधी मी गाठते, आणि त्या ग्लासात काय असतं ते सांगते. कधी ती ऐकते, कधी पिते. दवाखाना कुठं आहे तेही सांगते, आणि तिथं 'पेशंट कुठाय' असं विचारलं तर काय म्हणायचं ते पण शिकवते.

ठेकेदारानं मुकादमाकरवी दोनदा धमकी धाडली. मी निरोप धाडला, स्वतः येऊन सांगा. तो अजून आलेला नाही. मला उठवायचं असेल तर त्याला गाडीची काच खाली करावी लागेल, आणि काच खाली केली की हा वास त्याच्याही नाकात जाईल. तोवर मी इथंच बसणार आहे. शुद्धीवर.